म्हाताऱ्या गाडीचे सांधे

सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून एकच 'टक'. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत नाही, डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मंद होतात आणि मग शांतता. माझ्या सतरा वर्षांच्या गाडीने हा खेळ सुरू केला तेव्हा मी तेच केलं जे घरी पाने हातात घेणारा बहुतेक नवखा माणूस करतो. आधी बॅटरी बदलली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा टक. मग गाडीखाली आडवं पडून सेल्फ उतरवला, नवा चढवला. कोपरं सोलवटली, एक बोल्ट कुठे गेला तो आजतागायत सापडलेला नाही. आठवड्याने पुन्हा टक. शेवटी दोष निघाला तो इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या वीतभर तांब्याच्या पट्टीत. वरून धडधाकट, पण टोकाचा लग, म्हणजे बोल्टने आवळलेली धातूची कडी, सोडवला तर आत हिरवी भुकटी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तेव्हापासून जुनी गाडी समोर आली की मी आधी तिचे सांधे बघतो. क्रँक, ब्लॉक, गिअर असले मोठे लोखंडी भाग वेळेवर ऑइल मिळालं तर सहसा दगा देत नाहीत. म्हातारं होतं ते त्यांना जोडणारं सगळं: अर्थिंगचे लग, वायरींचे कनेक्टर, होज, सील, बुश, वायसर. माणसाचं आणि गाडीचं यात फारसं वेगळं नाही.

त्या पट्टीचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा ते कळलं की वायरिंगची निम्मी भीती जाते. बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल सेल्फला जाते, हे सगळ्यांना दिसतं. पण तो करंट परत कुठून येतो? सेल्फच्या धातूच्या अंगातून इंजिनच्या ब्लॉकमध्ये, तिथून अर्थिंगच्या पट्टीतून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला. जाण्याच्या वाटेइतकीच येण्याची वाट महत्त्वाची. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून तर ती पट्टी लागते.

आता हिशेब करा. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना सहज १५० अँपिअर ओढतो. परतीच्या वाटेवर गंजामुळे फक्त ०.०१ ओहम अडथळा आला तरी १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचाही व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरतो, त्यातून दीड गेला की सेल्फच्या वाट्याला नऊ. गार सकाळी तेवढ्यावर भागत नाही. 'टक' होतं ते वेगळ्या कारणाने: सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरचा विजेवर चालणारा स्विच, अगदी थोड्या करंटवर आत खेचला जातो, पण मोटर फिरवायला लागणारा करंट मागून येत नाही. एकच टक आला तर जोड किंवा सेल्फ यांवर संशय घ्यायचा. टकटकटकटक अशी लड लागली तर बॅटरीवर. तिथे सोलेनॉइड खेचला जातो, व्होल्टेज कोसळतो, तो सुटतो, व्होल्टेज सावरतो, पुन्हा खेचला जातो. ही खूण ढोबळ आहे, पण सुरुवात करायला पुरते.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून ती पट्टी तपासली तर काय दिसेल? उत्तम आहे असंच दिसेल. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.०१ ओहमच्या कितीतरी पट असतो. शंभर तारांच्या पट्टीत एकच तार शाबूत असली तरी मीटर आनंदाने 'पीं' वाजवतो. एका तारेवर मीटरचं भागतं, सेल्फचं भागत नाही. म्हणून तपासणी करायची ती काम चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर, काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर. खांबाला पकडणाऱ्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, खांबावरच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला. मग दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट ठीक. माझ्या गाडीत १.८ आला होता. मग लाल टोक एकेक पायरी सरकवत न्यायचं: बॉडीवर, मग मायनस केबलच्या लगवर, मग क्लॅम्पवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, चोर त्या दोघांच्या मध्ये. लग सोडवून वायर ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासला, पट्टी नवी लावली, वर थोडं ग्रीस. वीस मिनिटांचं काम. नवा सेल्फ अजून गाडीत आहे, जुना फळीवर बसून माझ्याकडे बघत असतो.

बॅटरीलाही दोष देण्याआधी मीटर लावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवा. तेवढा दिसत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा पुन्हा तोच एखादा जोड. आणि बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस अजून लागलेला असेल तर जी ठिणगी उडते ती एकदा पाहिलेला माणूस हा क्रम विसरत नाही.

"पण गाडी तर फारशी फिरलेलीच नाही," हे वाक्य जुनी गाडी विकणारा अभिमानाने सांगतो. मला ते ऐकून धास्ती वाटते. रबर किलोमीटर मोजत नाही. उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला वर्षांच्या हिशेबाने कडक करतात. उभ्या गाडीतही ते चालूच असतं. शिवाय जी गाडी रोज दहा मिनिटंच चालते तिचं इंजिन नीट तापतच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं, गार इंजिनात सायलेन्सरमध्ये साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर पुरे व्हायची वाट न बघता वर्षाला बदलायचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल सांभाळणाऱ्या टायमिंग बेल्टलाही पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी येईल ती पाळायची असते. आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन हे आधी माहीत करून घ्या. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की दोघं तिथे एकाच वेळी पोचतात आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट बाहेरून तपासून 'अजून चालेल' असं ठरवणं माझ्या मते शुद्ध जुगार आहे.

टायरचं वय त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: ३११८ असेल तर २०१८ सालचा ३१ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून बारा वर्षांचा टायर वापरू नका.

ब्रेक ऑइलचं वय मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते हवेतली आर्द्रता शोषतं, हळूहळू, होजमधूनसुद्धा. डॉट ३, डॉट ४ हे बाटलीवर छापलेले ब्रेक ऑइलचे दर्जे. नवं कोरं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतात. वाफ मात्र दाबली जाते, आणि पाय थेट तळाला जातो. पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं नसेल तर दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि सीलबंद बाटलीतलंच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही, डॉट ५.१ नावाने त्याचा भाऊ वाटला तरी जात वेगळी, ते डॉट ४ च्याच कुळातलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

चेक इंजिनचा दिवा लागला की हल्ली लोक छोटा स्कॅनर लावून कोड वाचतात. चांगलंच आहे. पण कोड म्हणजे साक्ष, निकाल नव्हे. पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. हे सांगतो कोण, तर ऑक्सिजन सेन्सर. आणि लोक बदलतात काय, तर ऑक्सिजन सेन्सर! खरं बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा. चोर सोडून संन्याशाला सुळी. जुन्या गाडीत बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, जाणारा एखादा बारीक रबरी पाइप टोकाला चिरलेला असतो आणि तिथून हवा मोजणी चुकवून आत शिरते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कंप्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो आहे ते. इंजिन आयडलवर असताना आकडा मोठा आणि ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम वाढवले की तो कमी होत असेल, तर हवेची गळती. कारण गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि खरी हवा वाढत जाते, त्यामुळे चोरीचा वाटा घटतो. उलट जोर लावल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप यांच्याकडे वळा. गळतीची जागा शोधायला दीड हात रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं पाइपांजवळून फिरवा. चिरेपाशी स्पष्ट 'स्स्स' ऐकू येतं. फिरत्या बेल्टपासून नळी आणि बाही मात्र दूर ठेवा.

घरी काम करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? निदानात नाही, दुरुस्तीतही नाही, अडकलेल्या बोल्टात. गंजलेल्या बोल्टला घाई चालत नाही. वायर ब्रशने आटे साफ करायचे, गंज सोडवणारं ऑइल मारायचं आणि रात्रभर विसरून जायचं. बारा कोनांची गोटी (सॉकेट) टाळा, सहा कोनांचीच घ्या, नाहीतर बोल्टची डोकी गोल होतात. सोडवण्याआधी किंचित आवळून बघा. कधीकधी गंजाची पकड त्यानेच सुटते. मग पाव फेरा सैल, थोडा मागे, पुन्हा सैल. बोल्ट मध्येच रबरासारखा लवचिक वाटू लागला तर थांबा. तो फिरत नाहीये, पिळला जातोय, आणि पुढची पायरी म्हणजे तुकडा.

लावतानाची चूक सोडवतानाच्या चुकीपेक्षा महाग. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टीलचा स्पार्क प्लग तिरका गेला की आटे गेलेच. माझी सवय अशी: प्लग असो की ऑइलच्या चेंबरचा बोल्ट, आधी हाताने उलटा फिरवायचा. एका जागी हलकासा 'टप' जाणवतो, तिथे दोन्ही आटे समोरासमोर आलेले असतात. तिथून सुलटा फिरवला की तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी जातो. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचा नाही, काढून पुन्हा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. हाताचा अंदाज माझाही बरा आहे, पण त्याच बऱ्या अंदाजाने मी एका ऑइल चेंबरचे आटे घालवले आहेत.

काही कामं मी घरी करत नाही. एअरबॅग, एसीचा गॅस, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, यांच्या वाटेला जात नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, कडक सपाट जमिनीवर, आणि काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडी निसटलीच तर गाडी चाकावर थांबेल. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. ब्रेकचं काही काम केलं असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारून घ्यायचं. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिलं पेडल रिकामंच जातं.

आता कूलिंग. जुनं इंजिन कायमचं बसतं ते बहुतेकदा इथूनच, आणि सुरुवात अगदी क्षुल्लक असते.

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नाही, तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने आत एक बार जास्त दाब धरून ठेवला की तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा जातो. इंजिन नेहमीइतकंच तापलेलं असतं, पण पाणी उकळून बाहेर पडतं, आणि माणूस वॉटर पंप बदलत बसतो. म्हणून पहिला संशय झाकणावर. ते फक्त गार इंजिनावरच उघडा. दाबाखालचं गरम पाणी झाकण सुटताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं, हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

मग गार इंजिनावरच होज एकेक करून दाबा. चांगला होज दाबला की दबतो आणि परत येतो. दाबल्यावर आतून करकर जाणवली तर तो सुकला. क्लॅम्पच्या कडेला फुगून मऊ झाला असेल तर तो आतून कुजला. जोडांवर पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचे वाळलेले ओघळ शोधा. तापलेल्या धातूवर थेंब लगेच उडून जातो, पण डाग मागे ठेवतो. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथे ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. ते भोक त्यासाठीच दिलेलं असतं, एम-सीलने बुजवू नका. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे दुमडून बसवलेल्या असतात, ती कडही टॉर्चने बघा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. त्यात मेणाची कुपी असते. मेण तापून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतो, साधारण ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान. नेमका आकडा त्यावर कोरलेला असतो. तपासायचा तर दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, थर्मामीटर ठेवा, तापवा आणि केव्हा उघडतो ते बघा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकणारे पुष्कळ आहेत. तो उपाय नाही. इंजिन मग हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आतून लवकर झिजतं, आणि मूळ दोष तसाच राहतो. काट्यावरही फार विश्वास नको. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मध्यावरच राहतो. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

जुनं कूलंट काढलं की ते उघड्यावर ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. नवं भरताना नळाचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड पाणी घ्या. कूलंटचा प्रकार पुस्तिकेतूनच ठरवा, रंगावरून नाही.

भरल्यावर खरी कसोटी हवेची. आत अडकलेला बुडबुडा थर्मोस्टॅटपाशी किंवा हेडमध्ये बसला की पाणी भरलेलं असूनही इंजिन तापतं. गाडीचं तोंड थोडं उंचावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश भरा. इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत थांबा. वरचा होज गरम झाला आणि हीटरमधून गरम वारा आला तर पाणी फिरतंय. मग बंद करा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. बहुधा दोन बोटं उतरलेली असते. गळती शोधत बसू नका, ती रात्रीत बाहेर पडलेली हवा आहे. तेवढं भरा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हाही उतरली असेल तर टॉर्च घ्या आणि पहिल्या क्लॅम्पपासून सुरुवात करा.